गच्चीवरच्या छत्रीतला सूर्य

नया नगरात आमच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवणाच्या दोऱ्यांपेक्षा टीव्हीच्या छत्र्या जास्त. सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या अंगाला. मार्चच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भर उन्हाच्या वेळी काही मिनिटं चित्र फुटतं, आणि कुणीतरी छत्री हलवायला वर धावतो. हलवू नये. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी आलेला असतो आणि त्याच्या रेडिओलहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा संदेश बुडतो. तेवढी मिनिटं आमची छत्री सूर्याची रेडिओ दुर्बीण झालेली असते.

आमच्या शेजारच्या भाईंदरच्या खाडीत उतरणारी उल्हास नदी कल्याणवरून येते. त्याच कल्याणला 1965 साली गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 32 तबकड्या उभ्या करून सूर्याचा वेध घेतला. तबकडी जेमतेम 6 फुटांची, आपल्या छत्रीची थोरली बहीण म्हणावी अशी. सिडनीजवळच्या पॉट्स हिलला वापरून झालेल्या त्या तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला दिल्या होत्या.

पण एकच मोठी तबकडी का नको? कारण रेडिओलहर लांब असते, आणि लहर जितकी लांब तितकं चित्र धूसर. 45 मीटर व्यासाची तबकडीसुद्धा 21 सेंटिमीटरच्या लहरीवर चंद्रबिंबाच्या निम्म्याहून बारीक काही वेगळं ओळखू शकत नाही. म्हणून तबकड्या दूरदूर पेरायच्या. एकच लहर एकीवर आधी पोचते, दुसरीवर क्षणभर उशिरा. तो उशीर मोजून, भरून काढून दोघींचे संदेश जुळवायचे. मग दोघींमधलं अंतर हाच दुर्बिणीचा व्यास ठरतो.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला स्वरूपांनी हीच कल्पना विस्तारली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्यांच्या 435 जोड्या होतात आणि 21 सेंटिमीटरच्या लहरीवर सुमारे 2 विकलांइतका बारीक तपशील दिसतो. पृथ्वी फिरते तशी, आकाशाच्या बाजूने पाहिलं तर, प्रत्येक जोडी वळत जाते आणि तासातासाने चित्र भरत जातं. मला सर्वांत भावते ती तबकडीची जाळी. लहर भोकापेक्षा खूप लांब असली, की तिच्या लेखी जाळी आणि पत्रा सारखेच. म्हणून दोरांच्या ताणावर पोलादी तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्चही आवाक्यात राहतो. आपल्या छत्रीवर येणारी लहर अडीच सेंटिमीटरची, तिला मात्र पत्रा किंवा फार बारीक भोकांची जाळी लागते.

खोडदला गेलं की मोबाइल बंद करावा लागतो, आणि ते पटतंच. आकाशातून येणारी कुजबुज इतकी क्षीण असते, की खिशातला फोन तिच्यापुढे आरडाओरडा ठरतो. 2020 साली तिथल्या तबकड्या वापरून शास्त्रज्ञांनी 7,653 दीर्घिकांचे संदेश एकत्र मिळवले, तेव्हा कुठे सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची खूण हाती लागली. निघताना 21 सेंटिमीटरची असलेली हायड्रोजनची ती लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली गेली होती. खोडदच्या जाळीवर ती उतरली, तेव्हा तिची लांबी जवळपास दुप्पट झाली होती.