रायफलीखालचा ठोकळा

मुलगी नेमबाजी शिकते म्हटलं की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात आता कुणी तोंडावर हात ठेवत नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबतनं २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा तर गावोगावी पेढे वाटले गेले. हे झालं कौतुकाचं. पण पोरीला रेंजवर पाठवणाऱ्या आईचा खरा प्रश्न पेढे संपल्यावर सुरू होतो, आणि तो असतो पैशांचा.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीनं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरीच्या रायफलीचा पुढचा भाग घ्यायचाय." सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणालीच, "अगं, रायफल आहे ना तिच्याकडं? मग पुढचा भाग वेगळा कशाला? गाडी घेऊन हँडल परत घेतात काय?"

हसण्यावारी गेलं खरं, पण रक्कम चौदा हजारांची होती. पोर चौदा वर्षांची. रायफल जुनी, एका मोठ्या मुलीकडून घेतलेली. आणि सहा महिन्यांपासून पोरीची मान आणि कंबर दुखत होती. आजीचं पालुपद घरात रोज चालू होतं, की पाठ बिघडली तर उद्या हिच्या लग्नाचं काय? बंद करा ते खूळ! दुकानदारानं सांगितलं होतं की अमुक चॅम्पियन हाच पुढचा भाग वापरते, हा लावला की दुखणं जाईल. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी ही वस्तू आहे तरी काय, ते बघायचं काम गटानं माझ्यावर टाकलं. म्हणून मी मायलेकींबरोबर रेंजवर गेले.

मैत्रिणींनो, दहा मीटर एअर रायफल उभं राहून मारतात. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि समोरच्या लक्ष्याचा अगदी मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! बायकांना पूर्वी ४० गोळ्या असत, २०१८ पासून पुरुषांइतक्याच ६० झाल्या. म्हणजे चार-साडेचार किलोचं वजन सव्वा तासात साठ वेळा उचलून स्थिर धरायचं. हाताच्या जोरावर हे होत नाही. आपण भरलेली कळशी कशी आणतो? हातात लोंबकळत नाही, कमरेवर टेकवतो. तान्हं पोर कडेवर घेताना कंबर एका बाजूला काढतो, तसंच हे. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर नाही तर बरगडीला टेकवायचं, मनगट सरळ ठेवायचं आणि त्या खांबावर रायफल ठेवायची. वजन हाडांवर गेलं की स्नायू मोकळे राहतात.

आता गंमत अशी, की प्रत्येकीचं धड, दंड आणि मान वेगळी. जिचं धड लांब आणि हात आखूड, तिचं कोपर कमरेवर टेकलं की मूठ खाली राहते. रायफल मुठीवर ठेवली की तीही खाली जाते, डोळ्यापर्यंत येतच नाही. मग पोर काय करते? मान वाकवते, किंवा कोपर उचलून रायफल वर धरते. मान वाकली की तोल जातो, कोपर उचललं की हात थरथरतो, आणि दोन्ही वेळेला दुखणं पाठीत शिरतं. रायफल आणि मूठ यांच्यामधलं हे अंतर भरायला रायफलीच्या पुढच्या भागाखाली एक ठोकळा लावतात. रेंजवर त्याला रायझर म्हणतात. पुढच्या भागाला खालून एक खाच असलेली धातूची पट्टी असते, तिला म्हणतात रेल. ठोकळा त्या खाचेत सरकवायचा आणि स्क्रूनं आवळायचा.

सरांनी पोरीला जॅकेट, हातमोजा, बूट सगळं घालून उभं केलं. हे महत्त्वाचं बरं का! हातमोज्याची जाडी आणि बुटाची टाच धरूनच माप घ्यायचं. घरी फ्रॉकवर घेतलेलं माप रेंजवर उपयोगाचं नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती तिच्या हातात दिली, डोळे मिटून दोन श्वास घ्यायला सांगितलं आणि मग डोळे उघडायला लावले. साइट डोळ्याच्या चांगली तीन-चार बोटं खाली. "बघा वहिनी, इथं पोरगी भरपाई करतीय," सर आईला म्हणाले, "आणि तुम्ही तिला दुखतंय म्हणून बाम लावताय."

मग सरांनी कपाटातून प्लायवूडचे तुकडे काढले, प्रत्येकी एक सेंटिमीटर जाडीचे. एक-एक चिकटपट्टीनं लावत गेले. दोनला मान थोडी उठली, तीनला बरी, चारला पोर एकदम सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आत्ता हात दमत नाही." पाचवा लावला तर रायफल डोक्याच्या वर डुलायला लागली. पण सरांनी लगेच चार सेंटिमीटर पक्कं केलं नाही. चार-पाच दिवस तेच प्लायवूड बांधून सराव करायला लावला. शेवटी साडेतीनवर माप ठरलं.

दुकानातला तो चौदा हजारांचा भाग? तो पावणेदोन सेंटिमीटरच उंची वाढवत होता! शिवाय तो भरीव अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियम तेवढ्याच आकाराच्या सागवानापेक्षा साधारण चौपट जड. रायफलीचं वजन सगळ्या जोडण्यांसकट साडेपाच किलोपर्यंत चालतं, आणि पुढं वजन असेल तर नळी कमी हलते, म्हणून मोठ्या नेमबाज ते मुद्दाम वाढवतात. पण त्यांची पाठ वर्षानुवर्षांच्या व्यायामानं तयार झालेली असते. बेचाळीस किलोच्या पोरीला ते झेपत नाही. सुपाचं दूरचं टोक धरून उचललेलं धान्य जास्त जड लागतं ना, तसं नळीच्या टोकाशी लावलेलं शंभर ग्रॅमसुद्धा हाताजवळच्या शंभरपेक्षा खूप जास्त लागतं. चॅम्पियनचा भाग चॅम्पियनच्या अंगाचा, हे दुकानदार सांगत नाही. साडीच्या दुकानात तरी आपण अंगावर टाकून बघतो.

शेवटी गावातल्या सुतारानं सागवानाचा ठोकळा करून दिला. वरचा भाग मुठीच्या आकारानं कानशीनं घासला. खाचेत बसणारी धातूची पट्टी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये वर्नियरनं माप घेऊन केली. मजुरीसकट सगळं हजाराच्या आत. ठोकळा कंपनीचाच हवा असं नाही, पण मापात आणि वजनात बसायलाच हवा. मोठ्या स्पर्धेआधी साहित्याची तपासणी होते. खालच्या गटांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून करून घेण्याआधीच सरांना विचारावं. आणखी एक गोष्ट सरांनी बजावली. ठोकळा नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला कुठंही टेकता कामा नये. तो पुढच्या भागालाच धरलेला हवा. नळीवर दाब आला की छर्रा भलतीकडे जातो.

वाढत्या वयाच्या मुलींसाठी ठोकळा एकाच मापाचा करू नये. आम्ही अडीच सेंटिमीटरचा ठोकळा आणि पाच-पाच मिलिमीटरच्या दोन चकत्या करून घेतल्या. पोर वाढली, मान उंच झाली की अजून एक चकती घालता येते.

जुनी रायफल घेणाऱ्या आयांसाठी एक आगाऊ सूचना. तिचं हवेचं सिलिंडर २०० बारच्या दाबानं भरतात, आणि त्यावर तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांनी ते बदलावं लागतं. विकणारा रायफलीचं पॉलिश दाखवतो, आपण ती तारीख बघायची.

पोरीचे गुण लगेच वाढले असं मी म्हणणार नाही. पहिले पंधरा दिवस उलट कमीच झाले, कारण अंगाला वाकायची सवय लागलेली. मानेचं दुखणं महिन्याभरात गेलं. कंबर मात्र थोडी राहिली, तेव्हा डॉक्टरांना दाखवून पाठीचे व्यायाम सुरू केले. ठोकळा म्हणजे काही औषध नव्हे. आजी अजून कुरकुरते, पण आता सकाळी व्यायामाला पोरीला उठवते तीच. आणि कर्ज? गटानं दिलं, पण चार हजारांचं. अंगाला बसणारं जुनं जॅकेट घ्यायला. आधीचं दोन मापं मोठं होतं, त्यात कोपर टेकणार कुठं?

ठोकळ्याचा स्क्रू सरावात हळूहळू ढिला होतो, आणि केसाएवढा सरकला तरी नेम बिघडतो. यावर पोरीनंच उपाय शोधला. स्क्रूच्या डोक्यावरून ठोकळ्यापर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. रेंजवर गेलं की आधी ती रेघ बघायची. तुटलेली दिसली की पहिला छर्रा भरायच्या आधी किल्ली काढायची.