चंद्राची भूमिका आणि विज्ञानाचा तास

पृथ्वीवरून चंद्राची एकच बाजू दिसते, हे वाक्य विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. परंतु ‘मग चंद्र स्वतःभोवती फिरतो की नाही?’ असे विचारताच वर्गात दोन तट पडतात. हा वाद अभिनयाने सोडवावा. एकाने पृथ्वी होऊन मध्यभागी उभे राहावे. दुसऱ्याने चंद्र होऊन, तोंड सतत तिच्याकडे ठेवीत, एक प्रदक्षिणा घालावी. ती संपताच चंद्राच्या ध्यानात येते की, आपल्या डोळ्यांसमोरून वर्गाच्या चारही भिंती सरकून गेल्या. म्हणजे आपण स्वतःभोवतीही एक फेरी पुरी केली! दोन्ही गतींना सुमारे २७.३ दिवसच का लागतात, हे मग सांगावे लागत नाही.

विज्ञाननाट्याच्या स्पर्धांत बहुधा शिक्षक संवाद लिहितात आणि मुले ते पाठ करतात. हे वेषभूषा चढविलेले पाठांतरच होय. नाट्यखेळाचा शेवट मुलांना आधी ठाऊक नसतो. म्हणूनच कुतूहल जागे होते.

या खेळाला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो परीक्षेकडे गहाण पडलेला आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखले होते. त्याने प्रयोगांबरोबर परीक्षाही बदलली; पुस्तक जवळ ठेवून उत्तरे लिहिण्याची मुभा दिली. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला, तरी त्याचा धडा शिळा झालेला नाही. गुण पाठांतरालाच मिळत राहिले, तर वर्गातला चंद्र पुन्हा मुकाट्याने बाकावर जाऊन बसेल.