रेझिनखालची ओल

गलबताच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीला रेझिनचे दोन हात दिले, तरी काही महिन्यांनी बूड फुगतं, पापुद्रे सुटतात. दोष रेझिनला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र कागद दमट असतानाच त्यावर रेझिन चढवलेलं असतं.

वसई-विरारकडच्या पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या नाखव्याला हे नवं नाही. लाकडी बोटीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, तेलात कढवलेल्या राळेने तो बुजवायचा, लाकडाला मुशीचं तेल पाजायचं, ही पश्चिम किनाऱ्याची जुनी रीत. राळ-तेलाचा थर मऊ राहतो. लाकूड फुगलं-आटलं तरी सांधा त्याच्याबरोबर हलतो आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळते. त्यामुळेच हा थर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला दाखल झालं. त्याच्याही फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून नैसर्गिक राळेने बंद केल्या आहेत.

मग फायबर आलं. लाकडावर काचतंतूंची मॅट अंथरून पॉलिएस्टर रेझिन मारलं की टणक कवच बसतं, गळती थांबते, वर्षाची डागडुजी कमी होते. पण आतलं लाकूड ओलं राहिलं तर ती ओल कोंडते. लाकडात ओलाव्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिलं, की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणजे कामाला सवड त्याच दिवसांत. आणि वसईची हवा सर्वांत दमट तीही तेव्हाच.

कागदाचं हेच होतं, फक्त झपाट्याने. कागद कमजोर असतो असं मात्र समजू नये. अमेरिकेतल्या ट्रॉय गावी एलिशा वॉटर्स यांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकात शर्यतीच्या कागदी होड्या बनत. तिथल्याच ५८ पौंडांच्या ‘मारिया थेरेसा’ या होडीतून नॅथॅनिएल बिशप यांनी १८७४-७५मध्ये मेक्सिकोचं आखात गाठलं. कागद साच्यावर चढवायचा, वाळवायचा आणि मगच वार्निश, असा त्या कारखान्याचा क्रम होता.

घरी पुठ्ठ्यावर काम करायचं तर मी इपॉक्सीच निवडेन. पॉलिएस्टरचा वास खोलीत सोसवत नाही. शिवाय ते घट्ट होताना आकसतं आणि पातळ पुठ्ठा ओढला जातो. लाखेचं वार्निश सोपं, पण पाण्यात राहिलं की पांढरं पडतं. पहिला हात आतून द्यावा, पातळ, कागद पिईल तेवढाच. कापलेल्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात, कारण पाणी सर्वांत आधी तिथूनच शिरतं. कडा पोटभर प्यायल्या की बाहेरून बारीक काचकापड लावून त्यावर पुन्हा इपॉक्सी. इपॉक्सीत मिसळायचा हार्डनर काट्यावर तोलूनच घ्यावा. मिश्रण कपात तसंच राहिलं तर आपल्याच उष्णतेने तापून दगड होतं, म्हणून पसरट डबीत थोडंथोडं कालवावं, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. दमट हवेत कित्येक हार्डनरांमुळे पृष्ठभागावर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुऊन, वाळवून, पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा हात दिला, तर तो धरत नाही.

एनसीसीच्या नौसैनिक शिबिरांत जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते, आणि वसई-विरारच्या शाळकरी मुलांनी तिथे आपल्या किनाऱ्याची बोट न्यावी असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात त्यांनी सांगाडा कापावा, जोडावा, घासावा. रेझिनचा डबा मात्र दिवाळीनंतर कोरडं वारं सुटल्यावर उघडावा.