एक संगणक, दोन शाळा, स्वतंत्र दप्तरे

सन १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तेव्हा दप्तरेही दोन झाली. हाच न्याय आज शाळेच्या संगणकासही लागू पडतो.

द्विशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे कित्येकदा शेजारच्या वाडीवरील शाळेचाही कार्यभार असतो. प्रत्येक शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी व स्वतंत्र असतो, आणि खातेही स्वतंत्र असते. उसाच्या हंगामात बीडकडील ऊसतोडणी कामगारांची मुले या दोन्ही जिल्ह्यांत येतात. सरल प्रणालीत नवी शाळा मुलाच्या नावाची मागणी करते व जुनी शाळा ती मान्य करते. ही मागणी चुकीच्या शाळेच्या खात्यातून गेली, तर मूल बसते एका शाळेत आणि त्याचे नाव राहते दुसऱ्या शाळेच्या पटावर. पाठ्यपुस्तके व पोषण आहार यांचा हिशेब पटावरूनच होत असल्याने ही चूक किरकोळ मानता येत नाही.

अशी चूक का घडते, हे समजून घेणे इष्ट होय. खाते उघडताच संकेतस्थळ ब्राउझरजवळ ओळखीचा एक बिल्ला ठेवते. यास कुकी म्हणतात. एका ब्राउझरच्या सर्व टॅबना हा बिल्ला सामाईक असतो. पहिल्या टॅबमध्ये एका शाळेचे खाते उघडे असता दुसऱ्या टॅबमध्ये त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या शाळेचे खाते उघडले, तर पहिला बिल्ला जाऊन त्याच्या जागी दुसरा येतो. पहिल्या टॅबवर जुन्याच शाळेचे नाव दिसत राहते. परंतु तेथून पाठविलेली नोंद दुसऱ्या शाळेच्या खात्यात जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात वरील बाजूस असलेल्या गोल चित्रावर टिचकी मारून नवे प्रोफाइल जोडता येते. एज व फायरफॉक्स यांतही अशी सोय आहे. प्रत्येक प्रोफाइलची खिडकी निराळी, कुकी निराळ्या आणि साठविलेले पासवर्डही निराळे राहतात. शिक्षकांनी प्रत्येक शाळेसाठी एक आणि स्वतःच्या ईमेल व बँकव्यवहारासाठी एक, अशी प्रोफाइले करावीत. त्यांस शाळेचे नाव द्यावे व भिन्न रंग निवडावा, म्हणजे नोंद पाठविण्यापूर्वी एका दृष्टिक्षेपात खात्री होते. खासगी खिडकीने हे काम साधत नाही. कारण एकाच वेळी उघडलेल्या अशा खिडक्यांचा बिल्लाही सामान्यतः सामाईकच असतो.

तथापि प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे, हे विसरू नये. संगणकासमोर बसलेल्या कोणासही ते उघडता येते. यास्तव शाळेच्या संगणकास पासवर्ड असावा, बँकेचा पासवर्ड त्यात साठवू नये आणि काम संपताच खाते बंद करावे. बाहेरील सेवाकेंद्राच्या संगणकावर अतिथी खिडकीच वापरावी व ती बंद करूनच उठावे.

कपाटात दोन शाळांची हजेरीपत्रके वेगळी ठेवण्याची शिस्त शिक्षकांच्या अंगी मुरलेलीच आहे. तीच शिस्त संगणकावरही पाळली गेल्यास कोयता घेऊन आलेल्या आईबापांच्या मुलाचे नाव योग्य पटावर राहील.