जलपर्यटनाला निघण्यापूर्वी

गेल्या डिसेंबरात माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक दवाखान्यात आले. मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी ही त्यांची जुनी दुखणी. तपासणी आटोपल्यावर गुरुजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली म्हणून पुण्याच्या मुलाने दोघांसाठी मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या बोटीची तिकिटे काढली होती.

“डॉक्टर, जाऊ का?” गुरुजींनी विचारले. त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, “यांना एस.टी.च्या मागच्या बाकावर बसलं तरी मळमळतं. बोटीवर काय होईल?”

मी म्हटले, “अवश्य जा. पण निघण्यापूर्वी आठ दिवस पुन्हा माझ्याकडे या.”

असे सांगण्यास कारण होते. काही वर्षांपूर्वी माझे दुसरे एक रुग्ण अशाच सहलीला गेले होते. त्यांनाही प्रोस्टेटचा त्रास होता. पहिल्याच रात्री मळमळू लागले. शेजारच्या खोलीतील गृहस्थांनी आपुलकीने उलटीवरच्या दोन गोळ्या दिल्या, त्यांनी त्या घेतल्या. उलटी थांबली, पण पहाटेपर्यंत लघवीही थांबली. बोटीवरच्या डॉक्टरांनी नळी घालून सुटका केली. मात्र पुढची सहल त्यांनी खोलीतच, नळी आणि पिशवी सांभाळत काढली. वर उपचाराचे बिल हाती आले ते वेगळेच. गोळी वाईट नव्हती, देणाराही वाईट नव्हता. ती गोळी त्यांच्यासाठी नव्हती, एवढेच.

हल्ली आपल्या गावातूनही लोक मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप किंवा सिंगापूरच्या जलपर्यटनाला जाऊ लागले आहेत. त्यांत साठी उलटलेली मंडळी पुष्कळ असतात. चालणे कमी, सामान उचलणे नाही, जेवणखाण तयार. त्यामुळे वृद्धांना ही सहल खरोखरच सोयीची आहे. एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. बोटीवर डॉक्टर असतो, पण मोठे रुग्णालय नसते. समुद्राच्या मध्यावर मोबाईल लागत नाही, औषधाचे दुकान नसते आणि किनारा कित्येक तासांवर असतो. म्हणून निम्मा उपचार घरून निघण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो.

बोट का लागते?

आमच्या लहानपणी मुंबईहून कोकणात यायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. बोट बाहेरच्या समुद्रात आली की निम्मे उतारू आडवे होत. मीही आईच्या मांडीवर डोके ठेवून रात्र काढल्याचे आठवते. ‘बोट लागली’ हा शब्दप्रयोग त्याच काळापासून आपल्या तोंडी आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट डोलते तेव्हा ती मेंदूला कळवते, ‘आपण हलतो आहोत.’ डोळ्यांना मात्र खोलीच्या स्थिर भिंती दिसतात व ते कळवतात, ‘आपण हलत नाही.’ या दोन परस्परविरोधी निरोपांमुळे मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, चक्कर, उलटी सुरू होते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. इंग्लंडचा प्रसिद्ध नौसेनापती नेल्सन यालाही आयुष्यभर बोट लागत असे.

कारण समजले की उपाय सोपे होतात. खोली निवडताना बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरची घ्यावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मळमळू लागल्यास उघड्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. म्हणजे डोळे आणि कान यांचे म्हणणे जुळते. त्या वेळी पुस्तक वा मोबाईल पाहू नये. ते जमत नसेल तर डोळे मिटून, उशीवर डोके स्थिर ठेवून पडावे. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळल्याने अनेकांना बरे वाटते.

गोळी कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये?

प्रोमेथझीन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझीन अशी काही औषधे बोट लागण्यावर वापरतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. म्हणून ती निघण्यापूर्वी एक-दोन तास घ्यावी लागते. या सर्व गोळ्यांनी कमीअधिक सुस्ती येते. तिच्यासोबत मद्य घेऊ नये आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी व काचबिंदू असलेल्यांनी यांतली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पहिल्यांत लघवी अडकण्याची, तर काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब एकाएकी वाढण्याची भीती असते. कंपवाताच्या रुग्णांना सिनारिझीन चालत नाही. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथझीन मुळीच देऊ नये. गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे. सहप्रवाशाने प्रेमाने दिलेली गोळी नम्रपणे नाकारावी, हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

गर्भवतींसाठी आणखी एक सूचना. चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या किंवा सहलीच्या काळात होणार असलेल्या स्त्रियांना बहुतेक जहाज कंपन्या बोटीवर घेत नाहीत. तान्ह्या बाळांनाही वयाची अट असते. तिकीट काढण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर आपल्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय जाऊ नये.

औषधांची पिशवी खांद्यावरच

बंदरावर मोठे सामान आपल्याकडून घेतले जाते आणि ते खोलीत पोहोचायला काही तास लागतात. दुपारची इन्सुलिन सुटकेसमध्ये आणि सुटकेस कुठे तरी तळमजल्यावर, अशी अवस्था होऊ नये. सर्व औषधे खांद्याच्या पिशवीत ठेवावीत. सहल चार दिवसांची असली तरी औषधे आठ दिवसांची न्यावीत. गोळ्या डबीत सुट्या न ठेवता मूळ पाकिटात ठेवाव्यात, म्हणजे नाव आणि मुदत वाचता येते. परदेशी जाणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ ठेवावी. सिंगापूरसारख्या देशात झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांबाबत नियम कडक आहेत.

पोस्टकार्डाएवढ्या एका कागदावर आपले आजार, औषधांची नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, आणि घरच्यांचा फोन नंबर लिहावा. एक प्रत आपल्या खिशात, दुसरी जोडीदाराकडे. आपण बोलण्याच्या स्थितीत नसलो तर हा कागद आपल्यासाठी बोलतो.

मधुमेहींनी विशेष जपावे

बोटीवर ताटात काय घ्यावे याला बंधन नसते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. परंतु गोड खाण्याहून मोठा धोका उलटीचा आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि जेवण उलटून पडले, तर रक्तातील साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि बोटीवरच्या डॉक्टरांना बोलवावे. म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. साखर तपासण्याचे यंत्रही सोबत न्यावे.

उलट्या-जुलाब होत असताना मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, काही मुळीच थांबवायच्या नसतात. इन्सुलिन तर परस्पर कधीच बंद करू नये. आपल्या बाबतीत काय करायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. भर समुद्रात आम्हाला फोन करता येणार नाही.

वापरात असलेली इन्सुलिनची कुपी वातानुकूलित खोलीत काही दिवस सहज टिकते. ती उन्हात ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूही नये. गोठलेली इन्सुलिन निरुपयोगी होते.

साबण आणि पाणी

शेकडो माणसे एकाच भोजनगृहात जेवतात, तेच कठडे धरतात, तेच चमचे हाताळतात. त्यामुळे नोरोव्हायरस नावाच्या विषाणूची उलट्या-जुलाबांची साथ बोटीवर झपाट्याने पसरू शकते. हाताला चोळण्याचे अल्कोहोलयुक्त द्रव या विषाणूवर फारसे चालत नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने, वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुणे हाच खरा उपाय. जलसंजीवनीची चार-पाच पाकिटे सोबत न्यावीत. दुखणे झाल्यास लपवू नये. बोटीवरच्या दवाखान्यात कळवावे आणि त्रास थांबल्यावरही दोन दिवस इतरांत मिसळू नये. हे दुखणे बहुधा एक ते तीन दिवसांत बरे होते, पण वृद्धांना आणि लहान मुलांना शरीरातील पाणी कमी होऊन धोका संभवतो.

आणखी काही सूचना

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटतात, यात मोठे शहाणपण आहे. बोट लागणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. बोट कोणासाठी थांबत नाही. तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. रात्रभर गाडीत जागून थेट बंदरावर गेलेल्या माणसाला बोट लवकर लागते.

बोटीवरचे न्हाणीघर अरुंद आणि पुष्कळदा त्याचा उंबरठा उंच असतो. रात्री लघवीला उठणाऱ्यांनी उशाशी टॉर्च ठेवावी. न घसरणाऱ्या चपला वापराव्यात. जिन्यावर एक हात कठड्याला असावा.

बोट सुटण्यापूर्वी संकटकाळची कवायत घेतात. ती चुकवू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ ही प्रचंड बोट खडकावर आपटून ३२ जण दगावले. त्याच दिवशी बोटीवर चढलेल्या अनेकांची कवायत तोपर्यंत झालेली नव्हती. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की औषधांची पिशवी व अंगरक्षक जाकीट घेऊन ठरलेल्या जागी जमायचे, एवढे प्रत्येकाला ठाऊक असावे.

शेवटी विम्याविषयी. बोटीवरच्या उपचाराचा खर्च बहुधा जागीच भरावा लागतो. घरच्या आरोग्य विम्यात तो बसेलच असे नाही. प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत आणि रुग्णाला बोटीवरून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचून घ्यावे.

गुरुजी सांगितल्याप्रमाणे आठ दिवस आधी आले. उलटीवरची नेहमीची गोळी त्यांना चालणार नव्हती. म्हणून खोली मधल्या भागात बदलून घेतली, आलेपाक दिला आणि कागद लिहून दिला. परवा दोघेही आले, खोबऱ्या-गुळाचा हलवा घेऊन. दुसऱ्या रात्री गुरुजींना दोन उलट्या झाल्या होत्या. त्यांच्या पत्नीने कागद काढला, साखर तपासली, ती खाली येताना दिसली तेव्हा साखरपाणी पाजले आणि डॉक्टरांना बोलावले. सकाळी दोघे बोटीच्या कठड्याशी उभे राहून सूर्योदय पाहत होते.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “कागद अजून पर्समध्येच आहे.”

तो तिथेच राहू द्या, असे मी त्यांना सांगितले. बोटीची सहल संपली, तरी त्याचा उपयोग संपलेला नाही.