एक झडप, दोन परवाने

विजेच्या खांबावर दुरुस्तीला चढणारा वायरमन आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. जाणता वायरमन वर चढण्याआधी डीपीतला फ्यूज काढतो आणि तो तिथेच कट्ट्यावर न ठेवता आपल्या खिशात टाकतो. मागाहून कोणी आला, त्याला खांबावरचा माणूस दिसला नाही आणि त्याने वीज सुरू करायची ठरवली, तरी त्याला ते जमणार नाही. कारण फ्यूज खांबावर आहे! निरोप पोचला का, वहीत नोंद झाली का, या कशावरही वायरमनचा जीव अवलंबून राहत नाही.

ही साधी युक्ती नसेल तर काय होऊ शकते, याचे एक भयंकर उदाहरण उत्तर समुद्रात घडले. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन शहरापासून सुमारे 190 किलोमीटर अंतरावर भर समुद्रात ‘पायपर अल्फा’ नावाचा तेल काढण्याचा प्लॅटफॉर्म उभा होता. 6 जुलै 1988 च्या रात्री तो जळून समुद्रात कोसळला. त्यावर असलेल्या 226 जणांपैकी 165 जण आणि त्यांना वाचवायला छोट्या बोटीतून गेलेले दोघे, असे 167 जण त्या रात्री मरण पावले. तेल-वायू उद्योगातील समुद्रावरचा याहून मोठा प्राणघातक अपघात दुसरा झालेला नाही.

असा प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रतळावर रोवलेल्या पोलादी पायांवरचा एक लहानसा कारखानाच. खालून तेल, पाणी आणि वायू यांचे मिश्रण येते, ते वेगळे केले जाते आणि नळांतून किनाऱ्याकडे पाठवले जाते. कामगारांची राहण्याची, जेवणाची सोयही त्याच लोखंडी चौकटीवर असते. किनाऱ्यावरच्या कारखान्यात आग लागली तर माणूस फाटकाबाहेर पळतो. इथे फाटकाबाहेर समुद्र असतो.

पायपर अल्फावर 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा तो फक्त तेलासाठी बांधला होता. धोक्याचे विभाग राहण्याच्या जागेपासून दूर ठेवले होते आणि मध्ये आगरोधक भिंती होत्या. पुढे वायूवर प्रक्रिया करण्याची यंत्रे बसवावी लागली, ती नियंत्रण कक्षाच्या शेजारीच आली. भिंती होत्या तशाच राहिल्या. त्या आगीची धग सोसण्याजोग्या होत्या, स्फोटाचा धक्का सोसण्याजोग्या नव्हत्या. आग आणि स्फोट यांतला फरक विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यावा, असे आम्हाला वाटते. आग उष्णतेने नाश करते. स्फोटात तप्त वायू क्षणार्धात प्रसरण पावतात आणि दाबाची लाट पुढे ढकलतात. भिंतीला दोन्ही गोष्टींशी वेगवेगळ्या प्रकारे झुंजावे लागते.

आता त्या दिवशीची हकिगत. नैसर्गिक वायूतून वेगळा होणारा द्रवरूप भाग, ज्याला कंडेन्सेट म्हणतात, तो मुख्य नळात ढकलण्यासाठी ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पंप होते. एक चाले, दुसरा राखीव असे. 6 जुलैला ‘अ’ पंप मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केला होता आणि त्याचा एक परवाना काढला होता. प्रत्यक्षात ती दुरुस्ती सुरू झालीच नव्हती. त्याच सुमारास याच पंपाच्या नळावरची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढून नेली होती. प्रेशर कुकरच्या झाकणावर जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याचाच हा थोरला भाऊ. दाब वाढला की उघडायचे, एवढेच त्याचे काम. या कामाचा परवाना वेगळा होता. झडप काढल्यावर नळाच्या उघड्या तोंडावर एक लोखंडी चकती बसवली होती.

संध्याकाळी सहापर्यंत झडप परत बसवणे जमले नाही. तेव्हा तो परवाना ‘काम स्थगित’ असा शेरा मारून ठेवून देण्यात आला. स्थगित परवाने नियंत्रण कक्षात राहत नसत, सुरक्षा कार्यालयात जात. शिवाय ते यंत्राप्रमाणे न लावता जागेप्रमाणे लावले जात. पंप खालच्या मजल्यावर आणि झडपेची जागा वरच्या विभागात. म्हणजे एकाच पंपाचे दोन कागद दोन ठिकाणी गेले. पाळी बदलताना तोंडी निरोपात झडपेचा उल्लेख झाला नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘ब’ पंप बंद पडला. तो काही केल्या सुरू होईना. दोन्ही पंप बंद राहिले तर वायूची सगळी यंत्रणा थांबणार, वायूवर चालणारी वीजनिर्मिती अडचणीत येणार आणि सगळा प्लॅटफॉर्म ठप्प होण्याची वेळ येणार. रात्रपाळीच्या लोकांनी ‘अ’ पंपाचे कागद पाहिले. दुरुस्ती सुरू झालेली नाही, असे त्यांतून दिसले. मग पंप चालवायला हरकत काय? दुसरा कागद त्यांच्यासमोर नव्हता. झडप वरच्या मजल्यावर असल्याने ती जागेवर नाही हे पंपाजवळ उभे राहून दिसतही नव्हते. त्या जागी जाणारे नळ कुलूपबंद केलेले नव्हते. वायरमनच्या भाषेत सांगायचे तर फ्यूज कोणाच्याच खिशात नव्हता.

पंपाजवळ काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण वाचले नाहीत. त्यामुळे हा घटनाक्रम पुढे चौकशीत साक्षी, नोंदी आणि प्रयोग यांवरून जुळवावा लागला. चकती घट्ट आवळलेली नसावी आणि पंप सुरू करताच तिच्या कडेने कंडेन्सेट फुसांडत बाहेर आले असावे, हा निष्कर्ष सर्वांत संभाव्य मानला गेला.

गळालेल्या वायूचा अंदाज सुमारे 45 किलो असा करण्यात आला. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले 14.2 किलोचे तीनच सिलिंडर! इतक्याशा वायूने एवढा अनर्थ कसा होईल, अशी शंका विद्यार्थी नक्की घेतील. त्यांच्याकडून गणित करून घ्यावे. सोयीसाठी सगळा वायू प्रोपेन आहे असे धरू. त्याचा रेणुभार 44, म्हणून 45 किलो म्हणजे सुमारे 1020 मोल. नेहमीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे 24 लिटर जागा व्यापतो, म्हणजे झाले साधारण 24.5 घनमीटर. हवेत प्रोपेनचे प्रमाण सुमारे 2 ते 9.5 टक्के असेल तरच मिश्रण पेटते. 4 टक्के धरले तर स्फोटक मिश्रणाचे आकारमान 600 घनमीटरांच्या वर जाते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा वर्ग घेतला, तर असे चार वर्ग भरतील. हवेचा सरासरी रेणुभार 29 असल्याने हा वायू हवेपेक्षा जड. तो वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो. गॅसचा वास आला की दारे-खिडक्या उघडा, बटणाला हात लावू नका, असे आपण घरी सांगतो त्यामागे हेच शास्त्र आहे.

रात्री दहा वाजता पहिला स्फोट झाला. भिंतींचे पत्रे उडाले, शेजारच्या विभागातले नळ फुटले, कच्चे तेल पेटले आणि नियंत्रण कक्ष निकामी झाला. तरीही इथपर्यंतचा अपघात आवरता येण्याजोगा होता. पुढचे दोन तास वाचताना आम्ही अधिक अस्वस्थ झालो.

आग विझवण्यासाठी समुद्राचे पाणी खेचणारे डिझेल पंप होते. पण पाणबुडे पाण्यात असताना ते पंप आपोआप सुरू होणार नाहीत अशी व्यवस्था केलेली असे, कारण पाणबुडा पंपाच्या तोंडाशी ओढला जाण्याची भीती. हेतू जीव वाचवण्याचाच होता. पाणबुडे त्या तोंडाजवळ नसतील तर पंप स्वयंचलित ठेवावेत, अशी सूचना आधीच्या एका तपासणीत आली होती. ती अमलात आली नाही. त्या रात्री पंप हाताने सुरू करायला निघालेल्यांना ज्वाळांतून तिथवर पोचता आले नाही.

पायपर अल्फा एकटा नव्हता. टार्टन आणि क्लेमोर हे दोन प्लॅटफॉर्म नळांनी त्याला जोडलेले होते. क्षितिजावर आग दिसत असूनही त्यांनी आपले उत्पादन लगेच थांबवले नाही. थांबवण्याचा अधिकार आपला आहे का, याबद्दल तिथल्या अधिकाऱ्यांच्या मनात संभ्रम होता; उत्पादन बंद करण्याची किंमतही मोठी होती. परिणामी तेल आगीकडे येत राहिले. साडेदहाच्या आधीच, सुमारे 10 वाजून 20 मिनिटांनी, टार्टनकडून येणारा वायूचा उभा नळ तापून फुटला. प्लॅटफॉर्मवरच्या झडपा मिटून उपयोग नव्हता, कारण नळ झडपेच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला फुटला होता. मैलोगणती नळात दाबून भरलेला वायू बाहेर येऊन पेटला. पुढच्या तासाभरात आणखी दोन वायूनळ फुटले.

आणि माणसे? नियमाप्रमाणे बरेच जण राहण्याच्या इमारतीत जमले आणि हेलिकॉप्टरची वाट पाहत बसले. धुरामुळे हेलिकॉप्टर उतरणे शक्य नव्हते. बाहेर पडा, असा हुकूम शेवटपर्यंत आला नाही. मृतांपैकी बहुतेकांना आगीने नव्हे, धुराने मारले. वाचलेल्या 61 जणांतले अनेक जण स्वतःच्या जबाबदारीवर खाली उतरले किंवा उंचावरून समुद्रात उड्या टाकून निसटले.

न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर 1990 मध्ये आला. त्यात 106 शिफारशी होत्या आणि त्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या. त्यांतला एक विचार आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोवर सरकार नियमांची यादी देई आणि कंपनी त्यापुढे खुणा करी. आता कंपनीनेच आपल्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकते, बिघडल्यास माणसे कशी वाचतील, हे शोधून लेखी सिद्ध करायचे, असे ठरले. सुरक्षेवर देखरेख करण्याचे कामही ऊर्जा खात्याकडून काढून घेतले गेले. उत्पादन वाढवणारे आणि सुरक्षा तपासणारे खाते एकच असू नये, हे पटायला इतके बळी जावे लागले.

‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द अपघातानंतर फार लवकर उच्चारले जातात. पायपर अल्फावर चकती आवळणारा हात ढिला पडला असेलही. पण तो कागद दूर ठेवण्याची पद्धत, भिंती, बंद पंप आणि शेजारचे चालू नळ हे काही त्याने ठरवले नव्हते. शिवाय बोटे चेंगरणे, पाय घसरणे अशा अपघातांची मोजदाद चांगली आली म्हणून मोठा धोका टळला असे होत नाही. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगचा स्फोट होऊन 11 जण गेले. सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही, म्हणून कौतुक करायला आलेले अधिकारी त्याच दिवशी रिगवर होते.

आपल्याकडे मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय क्षेत्रात 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तेलाचा शोध लावला. 27 जुलै 2005 रोजी, म्हणजे मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटे कापली. हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनने शेजारच्या प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. उसळत्या लाटांत जहाज फार जवळ गेले आणि त्याची धडक वायूच्या उभ्या नळाला बसली. हे नळ प्लॅटफॉर्मच्या पायांच्या आत सुरक्षित नव्हते, बाहेरच्या बाजूला होते. एक नळ फुटून पेटला आणि त्याच्या धगीने शेजारचेही फुटले. साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. तिथल्या 384 जणांपैकी 22 जणांचा बळी गेला. पायपर अल्फावर नळांचे जे झाले, तेच 17 वर्षांनी इथे झाले.

त्यानंतर समुद्रावरच्या तेलकामाच्या सुरक्षेसाठी 2008 मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले आणि अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपवली. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा मिळाल्यावर या भागातली बरीच जहाजे किनाऱ्याकडे परतली. प्लॅटफॉर्मवर कामाला येणाऱ्या कामगारांच्या राहण्याचे पी-305 हे बार्ज मात्र तेल क्षेत्रातच नांगरून राहिले. त्यावर 261 माणसे होती. वादळात नांगर तुटले, बार्ज भरकटले आणि 17 मे रोजी बुडाले. नौदल आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना ओढून काढले. 70 हून अधिक जण परतले नाहीत.