बायोडिझेल आणि रबराच्या नळ्या

सोयाबीनच्या तेलात मिथेनॉल आणि किंचित कॉस्टिक सोडा घालून ते बेताचे तापवले, की तेलाचे रेणू तुटतात. ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर राहतात ती मेदाम्लांची मिथाइल एस्टरे. हेच बायोडिझेल. डिझेल इंजिन त्यावर चांगले चालते. कुरकुर सुरू होते ती टाकीपासून इंजिनापर्यंत इंधन नेणाऱ्या नळ्यांची आणि पंपातल्या ओ-रिंगांची. आपल्या देशाच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हा जुना ट्रॅक्टर असलेल्या घरातला विद्यार्थी याविषयी विचारणारच.

रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे जाळे. या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळे रबर द्रवात विरघळत नाही, पण द्रवाचे रेणू साखळ्यांमध्ये घुसले की ते फुगते. किती फुगेल, हे त्या दोघांचे किती जमते यावर ठरते. नैसर्गिक रबर आणि डिझेल दोन्ही कार्बन-हायड्रोजनची संयुगे. त्यांचे फार जमते, म्हणून डिझेलच्या नळीला नैसर्गिक रबर कुचकामी. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले. त्याच्या साखळीतले ॲक्रिलोनायट्राइलचे घटक ध्रुवीय असतात आणि अध्रुवीय डिझेलला ते फारसे थारा देत नाहीत.

आता बायोडिझेलचा रेणू पाहा. शेपूट डिझेलसारखे, पण टोकाला ऑक्सिजनचे दोन अणू असलेला एस्टर गट, म्हणजे थोडी ध्रुवीयता. डिझेलला अडवणारे दार त्याला अर्धे उघडे सापडते! शुद्ध बायोडिझेलमध्ये नायट्राइल रबर चांगलेच फुगते आणि मऊ पडते. मिश्रणातले बायोडिझेलचे प्रमाण कमी, तसा परिणामही कमी.

पण फुगणे हा दोषच, असे मात्र समजू नये. किंचित फुगलेली ओ-रिंग आपल्या खाचेत घट्ट बसते. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल सक्तीचे झाले. काही ठिकाणी त्यातली ॲरोमॅटिक संयुगेही घटली. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षे फुगून राहिलेल्या नायट्राइलच्या ओ-रिंगा आकसल्या आणि पंप गळू लागले. बायोडिझेल तिथे नव्हतेच! इंधन बदलले एवढेच निमित्त. बायोडिझेल वापरून पुन्हा साध्या डिझेलकडे वळणाऱ्यालाही हाच धोका आहे. तापलेल्या इंजिनावर गळणारे इंधन म्हणजे आगीला आमंत्रण.

फुगवटा बऱ्याच अंशी उतरतो. दुसरे नुकसान मात्र भरून येत नाही. डब्यातले खाद्यतेल महिनोन् महिने राहिले की खवट होते. बायोडिझेलही तसेच खवटते, कारण त्यातल्या लिनोलेइक आम्लासारख्या भागांतले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन ओढतात. प्रथम पेरॉक्साइडे बनतात, पुढे आम्ले. तांबे आणि पितळ या क्रियेला वेग देतात. नायट्राइल रबरातही दुहेरी बंध असतातच. पेरॉक्साइडे तिथे हल्ला करतात, नवे पूल बांधले जातात, रबर कडक होते आणि भेगाळते. म्हणून युरोपच्या मानकात ११० अंश सेल्सिअसला हवा सोडत बायोडिझेल किती तास टिकते ते तपासतात: पूर्वी निदान ६ तासांची अट होती, आता ८ तासांची आहे. आमच्या मते नळीच्या रबराइतकेच इंधनाच्या वयाकडे लक्ष हवे. हंगामात भरलेली टाकी पुढच्या हंगामापर्यंत तशीच ठेवणे वाईट.

प्लॅस्टिकचे दुखणे सौम्य. पॉलिएथिलीनची टाकी थोडे इंधन शोषते, नायलॉनच्या नळ्या बऱ्यापैकी तग धरतात, टेफ्लॉनला काही होत नाही. रबरांत फ्लोरिनयुक्त रबर सर्वांत खात्रीचे, पण महाग. त्यातल्याही काही प्रकारांना पाणी आणि आम्ले मिसळलेले खवट बायोडिझेल बाधते.

वर्गात बायोडिझेल आणण्याची गरज नाही. एकाच पाकिटातले काही रबर बँड कापून त्यांच्या पट्ट्यांची लांबी आलेखकागदावर मोजावी. निम्म्या पाण्यात, निम्म्या गोड्या तेलात झाकून ठेवाव्यात. दर आठवड्याला पुसून पुन्हा मोजाव्यात आणि महिन्याने दोन्हींना वजने टांगून कोणती आधी तुटते ते पाहावे.